ताण सोसणारं पीक आणि जमीन साफ करणारं रोप

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची अडीच एकर जमीन औद्योगिक वसाहतीच्या नाल्याला लागून आहे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी शेतात शिरतं. विहिरीचं पाणी मचूळ झालंय, ऊस पूर्वीसारखा पोसत नाही. मातीत जड धातू असतील असंही लोक म्हणतात. जनुकं बदलून तयार केलेली अशी रोपं आहेत का, की जी क्षारात तग धरतील, धातू ओढून घेऊन जमीन साफ करतील आणि वर पीकही देतील?"

माझं बरंचसं काम याच विषयात झालं आहे, आधी प्रयोगशाळेत रोपं तयार करण्याचं आणि नंतर क्षारपड जमिनींवर. तेव्हा आधी सरळ उत्तर देते. ही तिन्ही कामं करणारं रोप आज जगात कुठेही नाही. ते नसण्याचं कारण समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

विषारी जमिनीत जगण्याचे वनस्पतीकडे ढोबळमानाने दोन मार्ग असतात. विष आत येऊच द्यायचं नाही, आलंच तर मुळातच अडवून धरायचं, हा पहिला. बहुतेक ताण सोसणारी पिकं याच मार्गाने जगतात. दुसरा मार्ग फार थोड्या वनस्पतींचा: धातू मुळातून उचलायचा, खोडातून वर चढवायचा आणि पानांच्या पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे त्या पाण्याच्या पिशवीत, बंद करून टाकायचा. जमीन साफ होते ती या दुसऱ्या मार्गाने, कारण पानं कापून शेताबाहेर नेली की धातू बाहेर जातो. पण मग ते पान कुणाच्या तोंडी जाता कामा नये, माणसाच्याही नाही आणि जनावराच्याही नाही. खाण्याच्या पिकात आपल्याला पहिला मार्ग हवा असतो आणि सफाईला दुसरा. एकाच रोपाकडून दोन्ही मागणं म्हणजे त्याला एकाच वेळी दार लाव आणि उघड असं सांगणं.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण भातात आहे. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या काठी खाणीच्या पाण्यातून कॅडमियम भातखाचरांत उतरलं. तो भात वर्षानुवर्षं खाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. 'इताई-इताई' या नावाने ओळखला जाणारा हा रोग प्रदूषणाने झाल्याचं जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं. पुढे तिथल्या भात-संशोधकांनी कॅडमियमचा रोपातला प्रवास टप्प्याटप्प्याने उलगडला. मुळाच्या पेशीवर 'ओएस-एनरॅम्प-५' नावाचं एक वाहक प्रथिन असतं. त्याचं खरं काम मँगनीज आत घेण्याचं, पण कॅडमियमही त्याच वाटेने घुसतं. इशिकावा आणि सहकाऱ्यांनी कोशिहिकारी या लोकप्रिय भातावर कार्बन आयनांचा मारा करून उत्परिवर्तनं घडवली आणि हे जनुक बिघडलेली रोपं निवडून काढली. त्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ शून्यावर आलं. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. हे झालं दार लावणं.

आता दुसरी बाजू. मुळाच्या आत गेलेलं कॅडमियम 'ओएस-एचएमए-३' नावाचं प्रथिन तिथल्याच रिक्तिकेत कोंडून ठेवतं, वर चढू देत नाही. अंजना धान नावाच्या भातात हे जनुक निकामी आहे, त्यामुळे त्याच्या पेंढ्यात आणि दाण्यात कॅडमियम भरपूर साठतं. खायला असा भात नकोच. सफाईला मात्र अशाच जाती लागतात. चोकोकोकू या असंच भरपूर कॅडमियम ओढणाऱ्या भाताचं पीक मुराकामी आणि सहकाऱ्यांनी दूषित खाचरात दोन हंगाम घेतलं आणि दोन्ही वेळा सगळी ताटं कापून बाहेर नेली. हेक्टरी ८८३ ग्रॅम कॅडमियम निघालं, मातीतलं एकूण कॅडमियम ३८ टक्क्यांनी उतरलं, आणि त्यानंतर लावलेल्या खाण्याच्या भाताच्या दाण्यात ते ४७ टक्क्यांनी कमी भरलं. यात बाहेरचं एकही जनुक घातलेलं नव्हतं. निवड बरोबर होती आणि पाण्याची शिस्त होती. खाचरात पाणी तुंबलेलं असेल तर कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं आणि मुळाला मिळत नाही, म्हणून सफाईच्या हंगामात त्यांनी पाणी काढून टाकून जमीन मोकळी ठेवली. खाण्याचा भात घेताना याच्या उलट करायचं, पाणी उभं ठेवायचं. पण मातीत आर्सेनिक असेल तर उभ्या पाण्यात तेच सुटं होऊन दाण्यात चढतं. म्हणून कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय कुणी पाण्याचा सल्ला देत असेल तर ऐकू नका.

आता तुमच्या अडीच एकराकडे येऊ. थोडा हिशेब मांडते, तो कागदावर करून बघा. एका एकराचा वरचा २० सेंटिमीटरचा थर साधारण १,०५० टन भरतो. किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम कमी करायचं, तर एकरातून जवळपास १ किलो कॅडमियम उचलून बाहेर न्यायला हवं. समजा तुम्ही मोहरी लावली, एकरी ४ टन वाळलेला पाला-काड निघालं आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम भरलं. एका पिकात गेलं ८० ग्रॅम, म्हणजे तेरा पिकं झाली. जनुकं बदलून मोहरीची ओढण्याची ताकद चौपट केली, तर तीन-चार पिकांत काम होतं. इथे जैवतंत्रज्ञानाचा खरा फायदा दिसतो. चौपट हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. कॅलिफोर्नियात सेलेनियमने बिघडलेल्या जमिनीवर जनुक बदललेली मोहरी प्रत्यक्ष शेतात लावून पाहिली, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. सल्फेट पचवण्याच्या वाटेवरचं एक विकर (एन्झाइम) वाढवलेल्या रोपांच्या पानांत साध्या मोहरीच्या चार पटींहून जास्त सेलेनियम भरलं होतं.

तोच हिशेब शिशासाठी करा. किलोमागे २०० मिलिग्रॅम शिसं उतरवायचं असेल, तर एकरातून २१० किलो बाहेर गेलं पाहिजे. शिसं मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं. रोपात किलोमागे १०० मिलिग्रॅम आलं तरी खूप झालं. ४ टन काडातून गेलं ४०० ग्रॅम, म्हणजे पाचशेहून जास्त पिकं. ताकद चौपट करूनही शंभराहून जास्त पिकं उरतातच. शिशाने भरलेली जमीन रोपं लावून साफ करून देतो असं कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडून हा हिशेब मागा. १९९० च्या दशकात यावर एक तोडगा फार गाजला होता. ईडीटीए हे धातूला पकडून पाण्यात विरघळतं ठेवणारं रसायन मातीत ओतायचं, त्याने शिसं सुटं होतं आणि मोहरी ते उचलते. मोहरी थोडं उचलते, हे खरं आहे. पण उरलेलं सुटं शिसं पावसाबरोबर खाली विहिरीत उतरतं. तुमची विहीर शेतातच आहे. हा उपाय कुणी सुचवला तर ठामपणे नाही म्हणा.

मग जनुकीय बदलांनी निर्विवाद बाजी कुठे मारली? मला विचाराल तर सेंद्रिय विषांत. धातू हे मूलद्रव्य आहे, ते नष्ट होत नाही, त्याची फक्त जागा बदलता येते. पण स्फोटकं, द्रावकं, कीटकनाशकं यांचे रेणू तोडता येतात, आणि तोडले की ते संपतात. लष्करी सराव-मैदानांवर आरडीएक्स मातीतून भूजलात उतरतं. ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठात नील ब्रूस आणि लिझ रायलॉट यांच्या गटाने स्फोटकांनी दूषित मातीतल्या ऱ्होडोकॉकस जिवाणूची आरडीएक्स फोडणारी जनुकं घेतली, त्यांना टीएनटी निर्विष करणाऱ्या एका जिवाणू-जनुकाची जोड दिली आणि ती अमेरिकेतल्या स्विचग्रास या गवतात घातली. टीएनटीची जोड का? कारण मैदानात ही दोन्ही स्फोटकं एकत्र सापडतात आणि टीएनटीने मुळं मरतात. मुळंच मेली तर आरडीएक्स फोडणार कोण? ताण सोसणं आणि सफाई करणं हे एकाच रोपात बसवलेलं इतकं नेटकं उदाहरण दुसरं मला माहीत नाही. आणि ते बसलं, कारण इथे विष आत घेतल्यावर संपतं, साठत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या लष्करी तळावर तीन वर्षं हे गवत उघड्यावर वाढवलं, आणि २०२१ च्या निष्कर्षांनुसार त्याने हेक्टरी २७ किलो या दराने आरडीएक्स फोडलं. पॉप्लर झाडात सशाचं सायटोक्रोम जनुक घालून ट्रायक्लोरोएथिलीन तोडण्याचं काम २००७ मध्ये दाखवलं गेलं. यंत्रांचे भाग धुण्यासाठी हे द्रावक वापरतात. तुमच्या नाल्यात ते येत असण्याची शक्यता आहे, तेव्हा पाण्याच्या तपासणीत त्याचं नाव मुद्दाम लिहून द्या.

पाऱ्याचं थोडं निराळं आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या रिचर्ड मीगर यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये जिवाणूचं 'मर-ए' जनुक अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपात घालून दाखवलं. आयनी पारा मूलद्रव्य पाऱ्यात बदलतो, तो कमी विषारी असतो आणि पानांतून हवेत उडून जातो. रोप जगतं, मातीही हलकी होते, पण पारा गेला हवेत, आणि हवेतून तो कुठेतरी उतरणारच. मला हा मार्ग पटत नाही, वस्तीजवळच्या जमिनीसाठी तर नाहीच.

या शास्त्राचं मला मनापासून आवडणारं काम आर्सेनिकचं आहे. ओम प्रकाश धनखेर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ते मांडलं. आर्सेनेट आणि आर्सेनाइट ही आर्सेनिकचीच दोन रूपं. रोपाच्या मुळात आर्सेनेटचं आर्सेनाइट झालं की ते तिथेच गंधकयुक्त पेप्टाइडांत, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्यांत, अडकतं आणि वर चढत नाही. म्हणून हे रूपांतर फक्त पानात व्हावं अशी योजना त्यांनी केली. ई. कोलाय या जिवाणूचं, हे रूपांतर करणारं जनुक त्यांनी प्रकाशाने चालू होणाऱ्या बटणाच्या हाताखाली ठेवलं. अंधारातल्या मुळात जनुक गप्प, उजेडातल्या पानात चालू. जोडीला पेप्टाइडं बनवणारं दुसरं जनुक. आर्सेनेट न अडखळता पानापर्यंत आलं आणि तिथे बांधलं गेलं. कोणतं जनुक घालावं याच्याइतकंच ते रोपाच्या कोणत्या भागात, कधी बोलावं हे महत्त्वाचं असतं, आणि रोपं घडवणाऱ्याचं खरं कसब तिथेच लागतं. बाजारात मात्र ही रोपं नाहीत. आर्सेनिकसाठी आज शेतात वापरता येते ती निसर्गाचीच एक वनस्पती, टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं. तिच्या कोरड्या पानात वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत आर्सेनिक साठलेलं आढळलं आहे. २००१ मध्ये फ्लोरिडातल्या लाकूड टिकवण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर हे लक्षात आलं.

आता क्षार. तुमचा ऊस पोसत नाही त्यामागे बहुधा धातूंपेक्षा हेच कारण मोठं आहे. मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, क्षारता १.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उसाचं उत्पादन घटायला लागतं, तर कापूस ७.७ पर्यंत दम धरतो. शेतात जाऊन बघा. सोडियम आत शिरलेल्या रोपाची जुनी, खालची पानं आधी शेंड्याकडून आणि कडेने करपतात, नवी पानं हिरवी असतात. नवं पान आधी पिवळं पडत असेल तर क्षारापेक्षा लोहाची कमतरता तपासा. क्षारसहिष्णू रोपात मुळातल्या रसवाहिन्यांभोवतीचं एक प्रथिन वर जाणारं सोडियम बाजूला काढून घेतं, पानापर्यंत पोचू देत नाही. एकदाणी गव्हातलं हे जनुक नुसत्या संकराने आपला बन्सी ज्यात मोडतो त्या ड्युरम गव्हात आणलं, तेव्हा खाऱ्या जमिनीत उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत जास्त आलं. ऑस्ट्रेलियातलं हे काम २०१२ चं. आपल्याकडे कोकणात खार जमिनीत पनवेलच्या संशोधन केंद्राचे पनवेल १, २, ३ हे भात आहेत, गोव्याच्या खाजनांत कोरगुट आहे. या सगळ्यांत बाहेरचं जनुक नाही.

तरी कोणतंही क्षारसहिष्णू पीक तुमच्या जमिनीतला क्षार कमी करणार नाही, हे लक्षात ठेवा. पुन्हा हिशेब करू. क्षारता १ असलेल्या पाण्याच्या लिटरमध्ये साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. वर्षाला १,००० मिलिमीटर पाणी दिलं तर एकरी सुमारे २.६ टन क्षार तुम्ही स्वतःच्या हाताने शेतात टाकता. उसाला पाणी याहून जास्त लागतं. क्षार अंगात साठवणारं चांगलं खारं झुडूपसुद्धा एका पिकात फार तर टनभर घेऊन जाईल. उरलेला क्षार निघायला निचराच लागतो. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात भूमिगत सच्छिद्र पाईप टाकून ज्या जमिनी पुन्हा पिकू लागल्या, त्या याच कारणाने. जमीन चोपण झाली असेल, म्हणजे सामू ८.५ च्या वर आणि पाणी दिल्यावर दोन-दोन दिवस वर थबकून राहत असेल, तर क्षार धुण्याआधी जिप्सम द्यावं लागेल. किती द्यायचं ते माती परीक्षणातून काढा, शेजाऱ्याने टाकलं तेवढं टाकू नका.

आणि इथेच तुमचे दोन प्रश्न एकमेकांना जोडले जातात. खाऱ्या जमिनीतलं क्लोराइड कॅडमियमला पाण्यात विरघळतं ठेवतं, त्यामुळे तेवढ्याच कॅडमियमच्या जमिनीत पिकात ते जास्त चढतं. जस्ताची कमतरता असेल तरीही तेच होतं. म्हणजे निचरा करून क्षार धुतला आणि जस्त दिलं, तर धातू काढून न टाकताही पिकातला धातू खाली येऊ शकतो. तुमची जमीन चुनखडीची काळी असेल, तर सामू जास्त असल्याने कॅडमियम, शिसं आणि जस्त मातीतच धरून ठेवायला ती मदत करते. कोकणच्या जांभ्या मातीत तोच धातू कितीतरी सहज सुटतो.

कायद्याबद्दल. भारतात जनुकीय सुधारित रोप शेतात लावायचं तर १९८९ च्या नियमांखाली केंद्राच्या जीईएसी, म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागते, आणि जमीन साफ करण्यासाठी असं कोणतंही रोप इथे मंजूर नाही. कुणी बियाणं देऊ केलं तर घेऊ नका. बाहेरचं जनुक न घालता रोपाच्या स्वतःच्याच जनुकात केलेल्या छोट्या संपादनाला मात्र मार्च २०२२ पासून त्या प्रक्रियेतून सूट मिळाली आहे. मे २०२५ मध्ये असे दोन भात जाहीर झाले. त्यातला 'पुसा डीएसटी राईस १' दिल्लीच्या पुसा संस्थेने एमटीयू १०१० या भातावरून, क्षार आणि दुष्काळ सोसण्यासाठी तयार केला. धातूंच्या बाबतीत मला याच मार्गाची जास्त आशा आहे. एनरॅम्प-५ असंच संपादन करून बंद करता येतं, आणि आपल्याला आधी हवा आहे तो विष न उचलणारा खाण्याचा भात.

आता तुम्ही काय करावं. नाल्याचं पाणी शेतात शिरणं थांबवल्याशिवाय काहीही लावण्यात अर्थ नाही. बांध उंच करा, चर काढा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यावा हे तत्त्व हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात आहे आणि त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात बसतं, म्हणून तारखांसह फोटो ठेवा.

मातीचे नमुने नाल्याकडची बाजू, मधला भाग आणि लांबची बाजू असे वेगवेगळे घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी ० ते १५ व १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे ठेवा. सगळं एकत्र कालवून एकच नमुना दिलात तर नाल्याकडचं विष सरासरीत बुडून जाईल. माती गोळा करायला जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं किंवा बादली वापरू नका, जस्ताचा आकडा खोटा येतो. प्लास्टिकची बादली घ्या. प्रयोगशाळेकडून एकूण धातू आणि डीटीपीएने निघणारा, म्हणजे पिकाला मिळू शकणारा धातू, असे दोन्ही आकडे मागा. सोबत सामू, क्षारता आणि विनिमयक्षम सोडियम. उभ्या पिकाची पानं द्यायची असतील तर ती आधी स्वच्छ पाण्याने धुवा, नाहीतर पानावरच्या धुळीतलं शिसं पिकात मोजलं जातं.

अहवाल येईपर्यंत त्या रानात पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा घेऊ नका. पालेभाज्या आणि कंदमुळं कॅडमियम-शिशाच्या बाबतीत सर्वांत वाईट. नाल्यालगतच्या पट्ट्यात वाळा लावायला हरकत नाही. तो धातू बहुतेक मुळातच धरतो, म्हणजे सफाई करणार नाही, पण माती वाहून जाणं आणि धूळ उडणं थांबवेल. त्या पट्ट्यावरचं गवत गुरांना घालू नका, चुलीत जाळू नका, कंपोस्ट खड्ड्यातही टाकू नका. धातू त्याच वाटेने घरात परत येतो.

आकडे आल्यावर कॅडमियम किलोमागे एक-दोन मिलिग्रॅमच जास्त निघालं, तर पिकाने सफाई शक्य आहे, पण वरच्या हिशेबाप्रमाणे साध्या मोहरीची तेरा ते सव्वीस पिकं लागतील. त्यासाठी काड कुठे न्यायचं याची सोय आधी लावावी लागेल, तिचं नियोजन आपण करू. शिसं किंवा क्रोमियम शेकड्यात निघालं, तर तो पट्टा खाण्याच्या पिकातून काढून बांबू किंवा दुसऱ्या लाकडाच्या झाडांखाली टाका आणि उरलेल्या रानात निचऱ्याचं काम लगेच धरा.